हाडांची तपासणी : चिठ्ठीवरचा आकडा काय सांगतो?

दरवर्षी २० ऑक्टोबरला जागतिक ऑस्टिओपोरोसिस दिन असतो. त्याच्या आगेमागे आपल्या इंदुरात वसाहतींच्या सभागृहांत, मंगल कार्यालयांत, औषधांच्या दुकानांबाहेर 'हाडांची मोफत तपासणी' असे फलक लागतात. आपल्या शाळेतही असे शिबिर भरवावे, अशी सूचना काही पालकांनी केली असून ती विश्वस्त मंडळापुढे आहे. मंडळाने शाळेच्या आरोग्य समितीचे मत मागितले. आम्ही ते लेखी दिले आहेच. पण हा विषय घराघरातल्या आजी-आजोबांचा, आयांचा आणि (हे वाचून विद्यार्थ्यांना आश्चर्य वाटेल) मुलांचाही असल्याने तो येथे सविस्तर मांडत आहोत.

आधी शब्दाचा एक घोळ मिटवू. ऑस्टिओपोरोसिसला कोणी 'अस्थिक्षय' म्हणतात. पण आपल्याकडे क्षय म्हटले की टी.बी. डोळ्यांपुढे येतो, आणि हाडांचा टी.बी. हा अगदी वेगळा, जंतूंमुळे होणारा रोग आहे. म्हणून आम्ही 'हाडे ठिसूळ होणे' असेच म्हणू. सांधेदुखी, गुडघे झिजणे हाही निराळा विकार. गुडघे दुखतात म्हणून हाडे ठिसूळ झाली असे नाही. उलट हाडे ठिसूळ होत असताना काहीच दुखत नाही, आणि खरी अडचण तीच आहे.

हाड हे भिंतीतल्या विटेसारखे निर्जीव नसते. त्यात जुना भाग पोखरून काढणाऱ्या पेशी आणि नवा भाग रचणाऱ्या पेशी आयुष्यभर काम करत असतात. वाढत्या वयात रचणाऱ्यांचे काम पुढे असते. विशी-पंचविशीच्या सुमारास हाडांची पुंजी जास्तीत जास्त होते आणि त्यानंतर हळूहळू पोखरणाऱ्यांचे पारडे जड होऊ लागते. स्त्रियांमध्ये पाळी गेल्यावर इस्ट्रोजेन हे संप्रेरक कमी होते व ही घसरण एकदम वेग घेते. पहिल्या पाच-सात वर्षांत हाडांच्या पुंजीचा वीस टक्क्यांपर्यंत भाग जाऊ शकतो. भारतीय स्त्रियांची पाळी सरासरी ४६-४७ व्या वर्षी जाते, म्हणजे पाश्चात्त्य स्त्रियांपेक्षा काही वर्षे आधीच. पुरुषही यातून सुटलेले नाहीत, त्यांची घसरण उशिरा आणि सावकाश होते इतकेच.

याचा शेवट कुठे होतो, हे अनेक कुटुंबांनी पाहिले आहे. आजी न्हाणीघरात घसरल्या, उभ्या होत्या तेवढ्याच उंचीवरून पडल्या, आणि खुब्याचे हाड मोडले. तरुण माणूस असा पडला तर कपडे झटकून उठतो. उभ्या उंचीवरून पडून हाड मोडणे हे हाड ठिसूळ झाल्याचेच लक्षण मानतात. अनेक देशांतल्या पाहण्यांनुसार खुबा मोडलेल्या वृद्धांपैकी साधारण पाचातला एक जण वर्षभरात दगावतो, आणि वाचलेल्यांतले पुष्कळ जण पूर्वीसारखे स्वतःच्या पायांवर हिंडूफिरू शकत नाहीत. मनगट आणि पाठीचे मणके ही मोडण्याची आणखी दोन ठिकाणे. मणक्याचे तर बहुतेक वेळा कळतच नाही. तो आतल्या आत दबतो, पाठ थोडे दिवस दुखते, 'वात धरला' म्हणून तेल लावले जाते, आणि आजींची उंची मात्र कमी झालेली असते.

आता शिबिरातल्या तपासणीविषयी. तेथे बहुधा एक छोटे यंत्र असते. टाचेला जेल लावून पाय त्यात ठेवायचा, दोन मिनिटांत चिठ्ठी हाती. या यंत्रात क्ष-किरण नसतात. टाचेच्या हाडातून ध्वनिलहरी, त्याही कानाला ऐकू न येणाऱ्या, आरपार पाठवून त्या किती वेगाने जातात व वाटेत किती क्षीण होतात हे मोजले जाते. भरीव हाडातून ध्वनी वेगाने जातो, पोकळ हाडातून रेंगाळतो. तत्त्व चांगले आहे, यंत्र निरुपद्रवी आहे, आणि वयस्कर स्त्रियांमध्ये कोणाला धोका अधिक असावा याचा अंदाजही त्यावरून येतो. पण तो अंदाजच. चिठ्ठीवर 'टी-स्कोअर' म्हणून जो आकडा छापून येतो, तो दवाखान्यातल्या डेक्सा तपासणीच्या टी-स्कोअरशी नावाने सारखा असला तरी अर्थाने सारखा नाही. टाचेच्या आकड्यावरून रोगाचे निदान करता येत नाही, औषध सुरू करता येत नाही आणि औषधाचा गुण आला की नाही हेही ठरवता येत नाही.

अशा चिठ्ठ्या घेऊन काही पालक आमच्याकडे आले. एका पस्तिशीतल्या आईच्या चिठ्ठीवर लाल पट्टा होता आणि तिने त्याच टेबलावरून कॅल्शियमच्या तीन महिन्यांच्या गोळ्या विकत घेतल्या होत्या. दुसरे एक आजोबा, दहा वर्षे दम्यासाठी स्टिरॉइडच्या गोळ्या घेतलेले, हिरवा पट्टा पाहून निश्चिंत झाले होते. पहिलीला बहुधा काहीच झालेले नव्हते. दुसऱ्यांना तपासणीची खरी गरज होती. आम्हाला चिंता वाटते ती दुसऱ्या चिठ्ठीची अधिक.

ज्या तपासणीवर जगभर निदान होते ती डेक्सा. १९८०च्या दशकाच्या अखेरीपासून ती वापरात आहे. ती कशी चालते हे नववी-दहावीच्या विद्यार्थ्यांनी मुद्दाम समजून घ्यावे, कारण त्यात त्यांचेच बीजगणित आहे. क्ष-किरण शरीरातून जाताना काही भाग हाड शोषून घेते, काही भाग मांस-चरबी शोषून घेते. एकाच प्रकारचे किरण पाठवले तर बाहेर आलेल्या किरणांवरून कोणी किती शोषले ते वेगळे काढता येत नाही. एक समीकरण, दोन अज्ञात. म्हणून डेक्सा यंत्र दोन निरनिराळ्या ऊर्जांचे किरण पाठवते. हाड आणि मांस या दोन ऊर्जांना वेगवेगळ्या प्रमाणात अडवतात. आता समीकरणे दोन आणि अज्ञातही दोन, तेव्हा हाडाचा हिशेब सुटा होतो. 'एकसामयिक समीकरणे कुठे उपयोगी पडतात' असे विचारणाऱ्यांना हे उत्तर द्यायला हरकत नाही.

तपासणी दहा-पंधरा मिनिटांची. सुई नाही, बोगदा नाही, उपाशी राहण्याची गरज नाही. टेबलावर उताणे झोपायचे. कंबरेचे मणके घेताना पायांखाली ठोकळा ठेवतात, खुबा घेताना पाऊल थोडे आत वळवून बांधतात. किरणांची मात्रा इतकी अल्प असते की आपण एरवी दिवसभरात निसर्गातून जेवढे घेतो त्याच्या आसपासच. छातीच्या एक्स-रेपेक्षाही कमी. तरी गर्भवती स्त्रीने ती करू नये. आदल्या दिवसापासून कॅल्शियमची गोळी बंद ठेवावी, कारण न विरघळलेली गोळी पोटात असली तर मणक्यावर तिची सावली येऊन आकडा चुकतो. बेरियम पाजून किंवा शिरेतून रंगद्रव्य देऊन दुसरी तपासणी झाली असेल तर काही दिवस थांबावे. धातूची बटणे, करदोडा, परकराच्या नाडीला अडकवलेल्या किल्ल्या काढून ठेवाव्यात. किल्ल्यांची आठवण आम्ही हसण्यावारी नेत नाही, हे आमच्या आयांना ठाऊक आहे.

आता तो टी-स्कोअर. वर्गातल्या मुलांची उंची मोजून सरासरी काढली, तर प्रत्येक मूल सरासरीच्या किती वर वा खाली आहे हे सांगता येते. तसेच येथे निरोगी तरुण प्रौढांच्या हाडांची सरासरी घेतलेली असते आणि तुमचे हाड त्या सरासरीपासून किती पायऱ्या खाली आहे ते टी-स्कोअर सांगतो. (या पायरीला संख्याशास्त्रात प्रमाण विचलन म्हणतात.) एक पायरी म्हणजे हाडाच्या घनतेत साधारण दहा-बारा टक्क्यांचा फरक. जागतिक आरोग्य संघटनेने १९९४ साली ठरवलेल्या निकषांप्रमाणे उणे १ पर्यंत ठीक. उणे १ आणि उणे २.५ यांच्या मध्ये असेल तर 'घनता कमी', ज्याला अहवालात ऑस्टिओपेनिया लिहितात. आणि उणे २.५ किंवा त्याहून खाली असेल तर ऑस्टिओपोरोसिस. एकेक पायरी खाली गेल्यावर हाड मोडण्याचा धोका सुमारे दीड ते अडीच पट होत जातो.

पण हे निकष पाळी गेलेल्या स्त्रिया आणि पन्नाशीपुढच्या पुरुषांसाठी आहेत. त्याहून तरुण माणसाला आणि मुलांना टी-स्कोअर लावतच नाहीत. त्यांच्यासाठी झेड-स्कोअर असतो; त्यात आपल्याच वयाच्या लोकांशी तुलना होते आणि उणे २ किंवा त्याहून खाली आकडा आला तर 'वयाच्या मानाने कमी' एवढेच म्हणतात. पस्तिशीतल्या त्या आईच्या चिठ्ठीचा लाल पट्टा यासाठीच निरर्थक होता. बारा वर्षांच्या मुलाची तुलना पंचविशीच्या तरुणाशी केली तर तो नापासच व्हायचा!

आणखी एक गोष्ट भौतिकशास्त्र शिकणाऱ्यांच्या ध्यानात येईल. अहवालात घनतेचे एकक ग्रॅम प्रति चौरस सेंटिमीटर असे छापलेले असते. घनता तर घन सेंटिमीटरमध्ये मोजतात! डेक्सा हे सपाट चित्र आहे. हाडाची जाडी त्याला दिसत नाही. त्यामुळे ज्यांचा बांधा लहान, हाडे बारीक, त्यांची घनता यंत्रात खऱ्याहून थोडी कमी दिसते. आपल्याकडच्या पुष्कळ स्त्रियांचा बांधा तसा असतो. शिवाय तुलनेचा मूळ मापदंड अमेरिकेतल्या गोऱ्या तरुण स्त्रियांच्या मोजणीवर उभा आहे. म्हणून उणे २.६ आले की आकाश कोसळले आणि उणे २.४ आले की सुटलो, असे समजू नये. आकड्याबरोबर माणूस पाहावा लागतो.

आकडा उलट्या दिशेनेही फसवतो. साठी-सत्तरीत मणक्यांना झिजेमुळे कंगोरे फुटतात, पोटातल्या महाधमनीत चुना साठतो, आणि हे सगळे यंत्र हाड म्हणून मोजते. दबलेला मणकाही चिपळल्यामुळे अधिक घन दिसतो. अशा वेळी कंबरेचा आकडा उत्तम आणि खुब्याचा वाईट अशी विसंगती येते. तेव्हा खुब्यावर विश्वास ठेवावा. डेक्सा करायला जाण्यापूर्वी दूरध्वनीवर विचारून घ्यावे की कणा आणि खुबा दोन्ही घेणार ना. फक्त एकाच जागेचा अहवाल घेऊन येऊ नये.

तिसरी गोष्ट आपल्या देशात सर्वांत महत्त्वाची, असे आमचे मत आहे. कमी आकडा म्हणजे नेहमी ऑस्टिओपोरोसिसच असे नाही. ड जीवनसत्त्व फार कमी असले तर हाडात खनिज नीट बसत नाही, हाड मऊ राहते. याला ऑस्टिओमलेशिया म्हणतात आणि डेक्सात दोन्ही सारखेच दिसतात. उपाय मात्र वेगळे. उन्हाने भरलेल्या देशात ड जीवनसत्त्वाची कमतरता कशी, असे कोणी म्हणेल. पण २००० साली प्रसिद्ध झालेल्या दिल्लीतल्या पाहणीत धडधाकट माणसांतही ती मोठ्या प्रमाणावर आढळली आणि नंतरच्या अनेक पाहण्यांनी त्याला दुजोरा दिला. म्हणून हाडांचे औषध सुरू करण्यापूर्वी डॉक्टर रक्तातले कॅल्शियम, ड जीवनसत्त्व, मूत्रपिंडाचे काम, कधी थायरॉइड अशा तपासण्या सांगतात. तो उगाच वाढवलेला खर्च नव्हे.

मग डेक्सा कोणी करावी? अमेरिकेतल्या प्रतिबंधक सेवांच्या कार्यदलाची शिफारस, जी जानेवारी २०२५ मध्ये पुन्हा तीच कायम केली गेली, अशी आहे : पासष्ट वर्षे व त्यापुढच्या सर्व स्त्रियांनी, आणि त्याआधी पाळी गेलेल्यांपैकी ज्यांना धोका अधिक आहे त्यांनी. पुरुषांच्या सरसकट तपासणीबद्दल पुरेसा पुरावा नाही, असे ते म्हणतात. आपल्याकडे हाडे त्यांच्यापेक्षा लवकर मोडतात, असा इथल्या डॉक्टरांचा अनुभव आहे. त्यामुळे साठीच्या आतबाहेरही पुष्कळ जण तपासणी सुचवतात. पण वयापेक्षा आम्ही पुढच्या गोष्टींकडे लक्ष वेधू. पन्नाशीनंतर किरकोळ पडण्याने हाड मोडले आहे का? आई किंवा वडिलांचा खुबा मोडला होता का? दम्यासाठी, संधिवातासाठी तीन महिन्यांहून अधिक काळ स्टिरॉइडच्या गोळ्या घेतल्या का? पाळी पंचेचाळिशीच्या आत गेली, किंवा शस्त्रक्रियेत अंडाशय काढले, असे झाले का? वजन फार कमी आहे का? तंबाखू, दारू? यांतले एकही 'हो' असेल तर शिबिराच्या टाचयंत्राची वाट न पाहता डॉक्टरांकडे जावे.

यांतल्या दोन गोष्टींवर थोडे थांबतो. सांधेदुखीवर 'जडीबुटी' म्हणून मिळणाऱ्या काही पुड्यांत नाव न छापता स्टिरॉइड मिसळलेले आढळते. पुडी घेतली की दोन दिवसांत जादू व्हावी तसे दुखणे थांबते आणि चेहरा भरू लागतो, तेव्हा शंका घ्यावी. दुसरे, गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रिया. २०१९ साली महाराष्ट्रात बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार स्त्रियांचा प्रश्न गाजला आणि शासनाला चौकशी समिती नेमावी लागली, हे वाचकांना आठवत असेल. तिशीतच गर्भाशयाबरोबर अंडाशयही काढले तर पाळी जाण्याबरोबर येणारी हाडांची घसरण दहा-पंधरा वर्षे आधी सुरू होते. अशी शस्त्रक्रिया कोणी सुचवली तर 'अंडाशय ठेवणार का?' हा प्रश्न अवश्य विचारावा, आणि शस्त्रक्रियेचा कागद आयुष्यभर जपून ठेवावा.

वरच्याच प्रश्नांवर आधारलेली फ्रॅक्स नावाची गणनपद्धती ब्रिटनमधल्या शेफील्ड विद्यापीठात तयार झाली व २००८ मध्ये प्रसिद्ध झाली. चाळीस ते नव्वद वयाच्या माणसाचे वय, वजन, उंची, जुने मोडलेले हाड वगैरे माहिती घातली की पुढच्या दहा वर्षांत हाड मोडण्याची शक्यता टक्क्यांत मिळते. डेक्साचा आकडा त्यात घालता येतो, पण नसला तरी चालते. भारतासाठीचे कोष्टकही त्यात आहे. तिचा उपयोग यासाठी की, प्रत्यक्षात मोडणाऱ्या हाडांपैकी निम्म्याहून अधिक हाडे उणे २.५ च्या वरच्या माणसांची असतात. कारण तशा माणसांची संख्याच फार मोठी आहे.

औषधांविषयी थोडक्यात. आठवड्यातून एकदा घ्यायची ॲलेन्ड्रोनेटची गोळी सर्वांत जुनी व स्वस्त. ती सकाळी उपाशीपोटी पेलाभर साध्या पाण्याबरोबर घ्यायची आणि निदान अर्धा तास आडवे व्हायचे नाही, चहाही नाही, नाहीतर अन्ननलिकेला इजा होते. वर्षातून एकदा शिरेतून देण्याचे इंजेक्शनही असते. सहा महिन्यांनी घ्यायचे डेनोसुमॅब मात्र मनाने थांबवू नये, उशीरही करू नये. ते अचानक थांबल्यास मणके मोडू शकतात. दात काढायचा असेल तर दंतवैद्यांना ही औषधे सांगावीत. पुन्हा डेक्सा करायची ती एक-दोन वर्षांनी आणि शक्यतो त्याच यंत्रावर, कारण यंत्रायंत्रांत फरक असतो आणि दोन-तीन टक्के वरखाली झाले तर तो मोजणीचाच भाग असू शकतो. ड जीवनसत्त्वाची साठ हजार एककांची पुडी आठवड्याची असते. ती रोज घेऊन उलट्या आणि मूत्रपिंडाच्या त्रासाने दवाखान्यात पोहोचलेली माणसे डॉक्टरांना भेटतात.

विद्यार्थी मित्रांनो, आता तुमची पाळी. वाढीचा जोर सर्वांत अधिक असतो त्या दोनेक वर्षांत, मुलींच्या साधारण बाराव्या-तेराव्या आणि मुलांच्या चौदाव्या वर्षाच्या आसपास, प्रौढपणीच्या हाडांच्या पुंजीपैकी सुमारे एक चतुर्थांश भाग जमा होतो. म्हणजे सातवी, आठवी, नववी. हाड त्यावर भार पडला की घट्ट होते. टेनिस खेळणाऱ्यांच्या खेळत्या हाताचे हाड दुसऱ्या हातापेक्षा जाड असते. आणि अंतराळवीरांच्या खुब्यातली घनता वजनरहित अवस्थेत दर महिन्याला एक ते दीड टक्क्याने घटते. उड्या, धावणे, खो-खो, दोरीवरच्या उड्या, मल्लखांब, हे सगळे हाडांचे बँकखाते. मोबाइलवर बसून हे खाते भरत नाही.

भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने २०२० साली दिलेल्या शिफारशीप्रमाणे प्रौढाला रोज १००० मिलिग्रॅम कॅल्शियम हवे, दहा ते बारा वर्षांच्या मुलांना ८५०, तेरा ते पंधरा वर्षांच्यांना १०००. पेलाभर दुधात साधारण २४० मिलिग्रॅम असते. आपल्या माळव्यातला पोह्यांचा नाश्ता चवीला कितीही थोर असला तरी त्यात कॅल्शियम जवळजवळ नाही. शंभर ग्रॅम नाचणीत सुमारे साडेतीनशे मिलिग्रॅम असते. माळव्यात ती फारशी कोणी खात नाही, पण महाराष्ट्रातल्या नातेवाइकांना पिठाची फर्माइश करायला काय हरकत आहे? राजगिरा उपवासापुरता ठेवू नये. तीळ संक्रांतीपुरते ठेवू नयेत. पालकात कॅल्शियम असते, पण ते ऑक्झॅलेटने बांधलेले, फारसे अंगी लागत नाही. त्यापेक्षा शेवग्याचा पाला बरा. सराफ्यातली रबडी कॅल्शियमसाठीच खातो, असे म्हणणाऱ्या आजोबांना आम्ही उत्तर देत नाही.

उन्हाचेही एक सांगायचे. 'कोवळ्या उन्हात ड जीवनसत्त्व' ही समजूत घराघरात आहे. वास्तविक ते बनवणारे किरण सकाळच्या तिरप्या उन्हात फार थोडे पोहोचतात. सूर्य वर आल्यावर, साधारण अकरा ते दोनच्या दरम्यान अधिक मिळतात. हात-पाय उघडे ठेवून थोडा वेळ पुरतो, इंदूरच्या वैशाखात तर फारच थोडा. खिडकीच्या काचेतून येणारे ऊन याकामी उपयोगाचे नाही. प्रार्थनेच्या रांगेत उभे राहिल्याने सर्व भागले, असे समजू नये.

विश्वस्त मंडळाला आम्ही काय कळवले ते सांगतो. टाचेच्या यंत्राचे शिबिर भरवू नये, निदान गोळ्या विकणाऱ्या कंपनीच्या खर्चाने तर नकोच. त्याऐवजी दिवाळीच्या सुटीनंतरच्या एका रविवारी पन्नाशीपुढच्या आजी-आजोबांसाठी वर दिलेल्या प्रश्नांचा छापील कागद भरून घ्यावा, वजन व उंची मोजावी. तरुणपणच्या उंचीपेक्षा चार सेंटिमीटर किंवा अधिक घट झाली असेल तर मणका दबल्याची शंका घेतात; पाठ भिंतीला लावून उभे राहिल्यावर डोक्याची मागची बाजू भिंतीला टेकत नसेल तरीही. ज्यांना गरज दिसेल त्यांनाच डेक्सासाठी चिठ्ठी द्यावी आणि आठ-दहा जण जमले की दर कमी करण्यासाठी शाळेतर्फे एखाद्या केंद्राशी बोलावे. मंडळाकडे आमची दुसरी मागणी आहे ती दहावीच्या वर्गाची. दुसऱ्या सत्रात त्यांचे खेळाचे तास गणित आणि विज्ञानाला दिले जातात, ते परत द्यावेत. यावर मंडळात दोन मते आहेत, हे आम्हाला माहीत आहे.

रविवारी येणाऱ्यांनी पायांत घसरणार नाही अशी चप्पल घालून यावे. न्हाणीघरातली ओल, रात्रीचा दिवा, पायात अडकणारी सतरंजी, झोपेच्या गोळ्या यांविषयीही त्या दिवशी बोलू. जुने डेक्सा अहवाल असल्यास मूळ कागद आणावा, त्यावर यंत्राचे नाव असते. पूर्वीच्या पासपोर्टवर उंची लिहिलेली असे. कोणाकडे तसा जुना पासपोर्ट असेल तर तोही सोबत आणावा.

— आरोग्य समिती